तीन बोटं

दूध न घातलेला चहा आमच्या घरी
पोट बिघडलं तरच होतो.
म्हणून शालननं पातेल्यात डोकावून विचारलं,
कोण आजारी आहे, वहिनी?

कोणी नाही. मे महिना आहे.
खाली दांडिया बाजारात डांबर चपला धरून ठेवतंय
आणि मी चार चमचे पत्ती टाकून गॅस बंद केलाय,
घड्याळ समोर ठेवून.
चारच मिनिटं. पाचव्याला चहा रुसतो,
मग साखरेनंही त्याची समजूत पटत नाही.

फालसे खंडेराव मार्केटातले.
"आजे ज खाई लेजो, बेन," म्हणाला होता.
घरी येईस्तोवर कागदाची पुडी जांभळी,
पिशवीतलं विजेचं बिलही.
अर्धे चिमूटभर मिठाबरोबर चुरडले,
उरलेले एकेक करून बर्फाच्या खणांत.
टेटीच्या फोडी, लिंबाच्या चकत्या,
कुंडीतला पुदिना तळहातावर आपटून,
आपटल्याशिवाय तो बोलत नाही.
खडीसाखर सत्यनारायणाची, डब्यात कधीची पडलेली;
आज तिचं काय होणार ते तिला सांगितलं नाही.

मग स्वेटरांच्या मागून बाटली काढली.
ह्यांची. तीन बोटं उरलेली.

ह्यांचा परवाना होता. फोटोत टाय,
कारणाच्या रकान्यात निद्रानाश.
रोज रात्री साडेनऊला
खोकल्याच्या औषधाच्या टोपणानं दोन मापं,
डोळ्यांच्या पातळीला धरून.
जन्मभर फिजिक्स शिकवलेला माणूस,
थेंब इकडचा तिकडे नाही.
आणि मी पाठ करून ओटा पुसत उभी.
दीड वर्ष झालं. परवाना परत करायला हवा होता,
बाटलीसुद्धा बहुधा.
दर सोमवारी जाईन म्हणते.

"घाल," शालन म्हणाली, जरा जास्तच पटकन.
"थोडीशीच," मी म्हटलं, आणि सगळी ओतली.

हंसाबेन वर आल्या तर काय सांगायचं
हे दोघींनी दोनदा म्हणून पाहिलं:
सरबत. सरबत.

पहिला घोट.
फालशाचा आंबटपणा, चहाचा तुरट काठ,
टेटीचा मागून रेंगाळत येणारा वास.
त्याच्याही मागून काहीतरी यायचं होतं,
म्हणून डोळे मिटून थांबलो.
आलं नाही.

मी बाटलीचं तोंड हुंगलं.
माठाचा वास.

शालन एलआयसीतून निवृत्त झाली तेव्हा
तिच्या वह्यांत एका पैची चूक निघाली नव्हती.
ग्लासातल्या बर्फात अडकलेल्या फालशाकडे बघत
ती म्हणाली, "एकादशी सोडून, वहिनी.
एक टोपण घ्यायचं, एक टोपण पाणी घालायचं.
पातळी कधी हलू दिली नाही."
"कधीपासून?"
"आई गेली तेव्हापासून. मलाही झोप नव्हती.
मला कोण परवाना देणार होतं?"

म्हणजे शेवटची दोन-तीन वर्षं
हे जवळजवळ पाणीच मोजत होते,
डोळ्यांच्या पातळीला धरून,
"आता लागेल झोप" म्हणत होते
आणि लागत होती.
फिजिक्सच्या माणसाला कळलं नसेल?
हे शालननं मला विचारलं नाही.
मीही तिला विचारलं नाही.
तिच्या ग्लासात पुदिन्याचं आणखी एक पान टाकलं.

बेल वाजली.
हंसाबेननी ग्लास पाहिले, रंग पाहिला.
"आ शुं छे?"
"सरबत!" दोघी एकदम,
आणि ते इतकं खरं होतं
की शालनला हसता हसता ठसका लागला,
फालसा नाकात, डोळ्यांत पाणी.
हंसाबेननी तिची पाठ थोपटली,
माझ्याकडे एकदा नीट पाहून घेतलं,
मग खुर्ची ओढून बसल्या.
"मने पण आपो. बरफ वधारे."